पावणेतीन कोटी झाडे, मोजली तर एक

साधे गणित करून पाहू. संत्र्याची बाग सहा बाय सहा मीटरवर लावली की एका हेक्टरात २७७ झाडे बसतात. वरुड-मोर्शीकडच्या बागायतदाराला हा आकडा तोंडपाठ असतो. विदर्भात संत्र्याखालचे क्षेत्र एक लाख हेक्टरांच्या वर आहे. वरचे सोडून देऊ, एक लाखच धरू. २७७ गुणिले एक लाख म्हणजे २ कोटी ७७ लाख झाडे. सीताबर्डीला लागून जो झिरो माईलचा खांब आहे, ज्याच्याजवळ उभे राहून आपण पाहुण्यांना ‘हा बघा देशाचा मध्यबिंदू’ म्हणून सांगतो, तिथून ही झाडे तेच सहा मीटरचे अंतर ठेवून एका रांगेत लावत निघालो, तर रांग १ लाख ६६ हजार किलोमीटरांची होईल. विषुववृत्तावरून पृथ्वीला चार वेढे बसतील आणि वर जवळपास सहा हजार किलोमीटर रांग उरेल. झाडामागे तीनशे फळे धरली, आणि हा अंदाज काही फार उदार नाही, तर ८३१ कोटी फळे झाली. जगातल्या प्रत्येक माणसाच्या हातावर एकेक संत्रा ठेवूनही बर्डीवरच्या हातगाड्या रिकाम्या राहायच्या नाहीत.

दुसरा आकडा याहून चक्रावणारा आहे, आणि तो फार छोटा आहे. या पावणेतीन कोटी झाडांत जनुकांच्या हिशेबाने वेगवेगळी झाडे किती? जवळजवळ एक.

नागपुरी संत्रा बी पेरून लावत नाहीत. पेरतात ते जंभेरीचे बी. जंभेरीचे रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की त्याच्या सालीत काप घेतात, चांगल्या संत्र्याच्या झाडावरचा एक डोळा त्यात बसवतात आणि पट्टी बांधतात. डोळा फुटला की जंभेरीचा वरचा शेंडा छाटून टाकतात. खाली खुंट जंभेरीचा, वर झाड संत्र्याचे. वरुड तालुक्यातले शेंदुरजनाघाट याच धंद्यासाठी ओळखले जाते. तिथल्या रोपवाटिकांतून निघालेल्या कलमा विदर्भभर पोचतात. एका झाडाच्या फांद्यांवरून शेकडो डोळे काढता येतात. अशी कलम म्हणजे त्या झाडाचे मूल नव्हे, त्याच झाडाचा तुकडा. पुढे त्या तुकड्याचा तुकडा, मग त्याचाही. नागपूरकर भोसल्यांनी हे झाड औरंगाबादेहून आपल्या बागेत आणले असे परंपरेने सांगतात. १८१७ साली सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांचे सैन्य इंग्रजांशी लढले, हरले, पुढे राज्यही गेले. झाड मात्र तुकड्यातुकड्यांनी जिल्हेच्या जिल्हे व्यापत गेले.

कुणी म्हणेल, मग बी पेरून बघावे. बीतून येणारे रोप आईबापांची सरमिसळ असणारच. आंब्याच्या काही जातींत ते खरेही आहे. संत्र्याने इथेही चकवले आहे. नागपुरी संत्र्याचे एक बी पेरले तर पुष्कळदा दोन-तीन रोपे उगवतात, आणि त्यातली बहुतेक परागातून झालेल्या गर्भाची नसतात. बीच्या आत आईच्या ऊतींपासूनच गर्भ तयार होतात आणि खऱ्या गर्भाला मागे टाकून वाढतात. म्हणजे बी पेरले तरी आईचीच प्रत हाती येते. जंभेरीलाही हीच खोड. त्यामुळे विदर्भातले संत्र्याचे साधारण झाड पाहिले तर वरचा भाग एका झाडाची प्रत, खालचा भाग दुसऱ्या एखाद्या झाडाची प्रत, असा दोन प्रतींचा सांधा असतो.

ही प्रत केवढी असते, तेही पाहू. संत्र्याच्या जीनोममध्ये सुमारे ३५ कोटी अक्षरे आहेत. एका पानावर दोन हजार अक्षरे छापली तर साडेतीनशे पानांचे ५०० खंड होतील. विदर्भाच्या बागांत या पाचशे खंडांच्या ग्रंथाची एकच आवृत्ती पावणेतीन कोटी वेळा छापली गेली आहे. ३१२व्या खंडात एखादी चूक असेल, तर ती प्रत्येक प्रतीत त्याच पानावर, त्याच ओळीत असणार.

याउलट दोन वेगळी झाडे एकमेकांत मिसळली असती तर काय झाले असते? संत्र्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या नऊ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक पिलाला जाते. कुठले जाईल ते दैवाधीन. दोनचा नववा घात ५१२, म्हणजे एक झाड ५१२ प्रकारचे पराग देऊ शकते. दुसऱ्या झाडाकडूनही तेवढेच. ५१२ गुणिले ५१२ बरोबर २ लाख ६२ हजार १४४. दोनच झाडे, एकच पिढी, आणि अडीच लाखांहून जास्त निराळी अपत्ये शक्य. गुणसूत्रे आपापसांत तुकड्यांची अदलाबदलही करतात, ती यात धरलेलीच नाही; ती धरली तर आकड्याला अंतच राहत नाही. विदर्भातल्या झाडांची संख्या एवढी आहे की या प्रत्येक शक्यतेला शंभरशंभर झाडे देता आली असती. आपण ती सगळी एकाच शक्यतेला दिली.

आता ‘जवळजवळ’ का म्हटले ते सांगतो. इतक्या प्रती काढताना कुठे ना कुठे अक्षर बदलते. एखाद्या फांदीवर अचानक बिनबियांची फळे लागतात, एखादे झाड आठ-दहा दिवस आधी पिकते. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने दिलेले ‘नागपूर सीडलेस’ अशाच वेगळेपणाच्या शोधातून आले. पण ३५ कोटी अक्षरांत अशी थोडीशी बदलली, तर त्याला वैविध्य म्हणणे जरा जास्तच होईल.

संत्र्याचा व्यापार मात्र या एकसारखेपणावरच उभा आहे, हे कबूल केले पाहिजे. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले ते त्याच्या ठरावीक चवीमुळे, सैल सालीमुळे, आंबट-गोड तोलामुळे. गिऱ्हाईक बर्डीवर संत्रा घेते तेव्हा प्रत्येक फळाची चव वेगळी लागलेली त्याला चालणार नाही. शेतकऱ्यालाही सगळी बाग एकाच वेळी फुलावी, एकाच वेळी तोडणीला यावी असेच वाटते. बहर एकसाथ आला तरच व्यापारी बागेचा सौदा करतो. हवामान ठरल्या वेळापत्रकाने वागत होते, तोवर हा सगळा हिशेब बरोबर होता.

ते वेळापत्रक आता मोडले आहे. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० सालच्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढले. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो. नागपूरकरांना तर हसूच येईल. आम्ही ४७ अंशांत लग्नाच्या पंगती उठवल्या आहेत. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले. २०२४च्या मे अखेरीस तर बर्डीपासून हाकेच्या अंतरावर, उत्तर अंबाझरी मार्गालगतच्या कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या स्वयंचलित यंत्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. हवामान खात्याने नंतर यंत्राचा संवेदक बिघडल्याचे सांगितले. खोट्या ५६वर आपण दोन दिवस चर्चा केली, खऱ्या ०.७वर करत नाही.

झाडाला हा ०.७ कुठे लागतो? आंबिया बहर घ्यायचा तर डिसेंबर-जानेवारीत झाडाला ताण द्यावा लागतो. पाणी तोडायचे, थंडी पडू द्यायची. झाड विसावते, मग पाणी दिले की फुलते. यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: थंडी, कोरडी जमीन आणि वेळ. नेमक्या ताणाच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला की ताण मोडतो आणि फुलांऐवजी नवती, म्हणजे कोवळी पालवी, फुटते. पुढे एप्रिल-मेमध्ये फळ वाटाण्याएवढे, लिंबाएवढे असताना पारा चढला की गळ होते. त्यातून वाचले तर ऑगस्टमध्ये लांबलेल्या पावसात बुरशीने पुन्हा गळ. प्रत्येक ठिकाणी झाडाची काहीएक सहनशक्ती असते. अमुक अंशांपर्यंत फळ धरून ठेवीन, त्यापुढे सोडीन. आता विचार करा, ही मर्यादा पावणेतीन कोटी झाडांना एकच आहे. जमीन, पाणी आणि निगा यांचा फरक पडतो, नाही असे नाही. चांगल्या बागायतदाराची बाग तगते. पण ‘माझ्या रक्तातच जरा जास्त ऊन सोसायची ताकद आहे’ असे म्हणणारे झाड त्या रांगेत नसते.

समजा, हजारातल्या एका झाडात एखादा नवा रोग किंवा ताप सोसण्याची उपजत क्षमता असते. हा आकडा फक्त हिशेबासाठी. मिश्र रक्ताची २ कोटी ७७ लाख झाडे असतील तर संकटातून २७ हजार ७०० झाडे वाचतील, आणि त्यांच्यापासून पुन्हा बागा उभ्या राहतील. एकाच झाडाच्या प्रती असतील तर उत्तर एक तर पावणेतीन कोटी, नाही तर शून्य. मधला आकडा नाही.

लिंबूवर्गात असे शून्याच्या दिशेने जाणे जगाने दोनदा पाहिले आहे. पहिले खुंटामुळे झाले. विसाव्या शतकात दक्षिण अमेरिकेपासून भूमध्य समुद्रापर्यंत कडू नारिंगाच्या खुंटावर मोसंबीवर्गीय बागा होत्या. खुंट नामी होता, डिंक्या रोगाला दाद देत नसे. मग ट्रिस्टेझा नावाचा विषाणू आला. हा खुंट आणि वरचे झाड यांच्या सांध्यावरच त्याने घाव घातला. जगभरात सुमारे दहा कोटी झाडे गेली असा अंदाज आहे. विदर्भात आपण जंभेरीच्या खुंटावर आहोत. तिला ट्रिस्टेझाची तेवढी भीती नाही, पण डिंक्यापुढे ती हात टेकते. रंगपूर लिंबू, एलेमो असे दुसरे खुंट संशोधक सुचवत असतात. तरी जंभेरीचा पगडा अजून आहे.

दुसरे उदाहरण फ्लोरिडाचे. २००३-०४च्या हंगामात तिथे मोसंबीवर्गीय संत्र्यांच्या २४ कोटी २० लाख पेट्या निघाल्या. पेटी साधारण ४१ किलोंची, म्हणजे जवळपास एक कोटी टन. २००५ साली तिथे ग्रीनिंग रोग सापडला. सायला नावाचा, तांदळाच्या दाण्याहून लहान किडा त्याचे जिवाणू झाडाच्या रसवाहिन्यांत सोडतो. २०२४-२५मध्ये पेट्या उरल्या सुमारे १ कोटी २० लाख. वीस वर्षांत शंभरातले पंच्याण्णव गेले. चक्रीवादळांनी आणि घरे बांधणाऱ्यांनीही हात लावला, पण मूळ घाव या रोगाचा. कुठल्याच जातीची बाग सुटली नाही, कारण ‘जाती’ नावालाच होत्या. जगातली सगळी मोसंबीवर्गीय फळे, मग व्हॅलेन्शिया असो, हॅमलिन असो की आपली मोसंबी, संत्रा आणि पपनस यांच्या जुन्या संकरातून आलेल्या एकाच पूर्वज झाडाच्या प्रती आहेत, हे जीनोम वाचल्यावर सिद्ध झाले. बर्डीवरच्या ज्यूसच्या गाड्यावर पिळली जाणारी मोसंबी आणि फ्लोरिडातल्या वाळलेल्या बागा मुळात एकच झाड. हाच रोग आणि हाच सायला भारतातही आहे, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

संत्रा सोडून कापसाकडे या, तिथे उलटी गंमत दिसते. संत्र्यात नाव एक आणि झाड एक. कापसात नावे हजारांवर. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, तेव्हा नागपूर-वऱ्हाडच्या शेतांत देशी कापूस होता. गावागणिक वेगळा, आखूड धाग्याचा, खोल मुळांचा, पाऊस ओढला तरी तग धरणारा. १९४७ साली देशातल्या कापसाच्या क्षेत्रापैकी ९७ टक्के क्षेत्र देशी जातींचे होते. आज ते दोन-तीन टक्क्यांवर आले आहे. बाकी सगळी अमेरिकन जात, आणि तीही २००२ साली बीटीला परवानगी मिळाल्यावर दहा वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक बीटी झाली. बियाण्यांच्या दुकानात हजाराहून अधिक संकरित वाणांची पाकिटे आली. पाकिटावरचे चित्र वेगळे, नाव वेगळे, भाव वेगळा. आत मात्र बोंडअळीविरुद्धची हत्यारे तीच दोन: पहिल्या पिढीत एक जनुक, २००६नंतरच्या बोलगार्ड-दोनमध्ये त्याच्या जोडीला दुसरे.

गुलाबी बोंडअळीकडे मात्र वैविध्याला तोटा नव्हता. एक मादी शंभर-दोनशे अंडी घालते आणि एका हंगामात चार-पाच पिढ्या होतात. मादीने शंभरच अंडी घातली आणि सगळी जगली असे कागदावर धरले, निम्म्या माद्या, तर चौथ्या पिढीत एका जोडीची सव्वा कोटी अपत्ये होतात. त्यातली बहुतेक मरतातच. पण इतक्या निरनिराळ्या जिवांत विष पचवणारा एखादा निघतो, आणि तेवढा पुरतो. २०१७च्या हंगामात विदर्भातल्या शेतांत बोंडे फोडून पाहिली तर आत गुलाबी अळ्या. लाखो हेक्टरांवर एकच कुलूप लावले होते. अळीला किल्ली एकदाच घडवावी लागली. हवामान बदलाच्या चर्चेत हा हिशेब सुटतो: ऊन वाढले की किडीच्या पिढ्या लवकर होतात, म्हणजे दरवर्षी तिला जास्त डाव मिळतात. पिकाला एकही नाही.

वैविध्य असले की काय होते, त्याचेही उदाहरण जवळच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे अल्पभूधारक शेतकरी. १९८३ साली पटेल-३ जातीच्या धानात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या, पिवळसर दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढल्या वर्षी वेगळ्या पेरल्या, निवडत गेले. त्यातून ‘एचएमटी’ आले. नाव तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून. आज नागपूरच्या बहुतेक किराणा दुकानांत एचएमटी मिळतो. लाखो लोंब्यांच्या शेतात तीन वेगळ्या होत्या, म्हणून हे घडले. सगळ्या एकसारख्या असत्या तर दादाजींच्या नजरेला काय सापडणार होते? ते २०१८ साली गेले.

धानाचे आकडे तर डोके गरगरवणारे आहेत. नागपूर ज्याची राजधानी होते, त्या जुन्या मध्य प्रांतातल्या छत्तीसगडमधून डॉ. राधेलाल रिछारिया यांनी १९७०च्या दशकात गावोगाव फिरून १९ हजारांच्या आसपास धानाचे नमुने जमवले. रोज एका वाणाचा भात खायचा म्हटले तर बावन्न वर्षे लागतील. एवढे कशाला हवेत, असे विचारणाऱ्याला फिलिपाइन्सची गोष्ट सांगावी. १९७०च्या सुमारास आशियात धानावर ग्रासी स्टंट नावाचा विषाणू पसरला. तिथल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने साठवलेले सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. उपयोगी पडला उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या रानधानाचा एक नमुना. पिकाच्या दृष्टीने ते तणच. त्या एका तणातले जनुक घेऊन १९७६ साली आयआर-३६ आले आणि पुढे एक कोटी हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर पोचले. सहा हजारांत एक. साठ्यात पाच हजारच नमुने असते आणि नेमका तोच राहून गेला असता, तर?

शेतीतून रानात जाऊ. नागपुरातून उत्तरेकडे निघणारा महामार्ग कामठीवरून पेंचच्या जंगलात शिरतो. २०२२च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले आणि आपण पेढे वाटले. वाटायलाच हवेत, तेवढे वाघ राखणे सोपे नाही. पण डोक्यांच्या मोजणीत एक गोष्ट दिसत नाही. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या आणि कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली इंग्रज अमदानीत मारलेल्या वाघांच्या, संग्रहालयांत पडून असलेल्या कातड्या-हाडांतला डीएनए आजच्या वाघांशी ताडून पाहिला. आईकडून येणाऱ्या डीएनएचे जे प्रकार जुन्या वाघांत होते, त्यातले ९३ टक्के आजच्या वाघांत सापडले नाहीत. तरीसुद्धा जगातल्या वाघांच्या उरल्यासुरल्या वैविध्याचा मोठा वाटा भारतातच आहे. इतरांची अवस्था यावरून ओळखावी.

एखादे जंगल तुटले की पुढचे गणित ठरलेले असते. प्रजननात भाग घेणारे प्राणी ‘न’ असतील, तर दर पिढीला वैविध्याचा एक भागिले २न इतका हिस्सा नुसत्या योगायोगाने गळतो. पंचवीस वाघ असतील तर पिढीला दोन टक्के. वाघाची पिढी साधारण पाच वर्षांची. पन्नास वर्षांत अठरा टक्के गेले. हे सगळे पंचवीसही वीण घालत असतील तर. वर्धा-नागपूरच्या सीमेवरचा बोर व्याघ्र प्रकल्प मुळात १३८ चौरस किलोमीटरांचा आहे. तिथे पंचवीस वाघही मावायचे नाहीत. इथल्या वाघांच्या रक्ताचा कस टिकायचा तर बाहेरचा वाघ चालत आला पाहिजे. तो किती चालतो, त्याचाही आकडा आहे. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला टी-१ सी-१ नावाचा तरुण वाघ २०१९मध्ये निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून हिशेब कळला. शेतांतून, नाल्यांतून, तेलंगणात जाऊन परत येत तो तीन हजार किलोमीटरांहून अधिक चालला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात थांबला. तिथे एकही वाघीण नव्हती.

पेंचमध्ये ४४ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाखाली नऊ ठिकाणी प्राण्यांसाठी वाटा सोडल्या आहेत. त्यातल्या सर्वांत लांब पुलाखालची मोकळीक ७५० मीटरांची. न्यायालयात भांडण झाले, खर्चावरून कुरकुर झाली, पण नंतर कॅमेऱ्यांत वाघ त्या वाटांनी जाताना दिसले. विदर्भातल्या रस्त्यांवर खर्च झालेल्या पैशातला हा सर्वांत शहाणा पैसा, असे माझे मत आहे. पाऊस आणि ऊन जागा बदलू लागले की प्राण्यांनाही सरकावे लागते, आणि सरकायला वाट लागते.

जगभरचा हिशेब अजून कच्चा आहे. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात वीस जातींच्या हजारो जिवांचे जीनोम तपासून एक अंदाज मांडला: अधिवास घटल्यामुळे अनेक प्राणी-वनस्पतींचे दहा टक्क्यांहून अधिक जनुकीय वैविध्य याआधीच गेले असावे. अशी जात बहुतेकदा नामशेष झालेली नसते. ती दिसते, मोजता येते, यादीत असते. आतून पोकळ होत जाते.

आणि हे वैविध्य घडायला लागलेला काळ? जीनोमच्या अभ्यासावरून लिंबूवर्गाचा उगम हिमालयाच्या आग्नेय पायथ्याकडे, आसाम-म्यानमार-युनानच्या पट्ट्यात, सुमारे ६० ते ८० लाख वर्षांपूर्वी मानतात. तेव्हाही मोसमी पाऊस बदलला होता, कोरडा झाला होता, आणि त्या बदलातच लिंबूवर्गाच्या नव्या जाती फुटल्या. म्हणजे हवामान बदल झाडांना नवा नाही. फरक एवढाच की तेव्हा त्यांच्याकडे लाखो वर्षे होती आणि प्रत्येक बी वेगळे होते. मेघालयातल्या गारो टेकड्यांत, नोकरेकच्या परिसरात, ‘मेमांग नारंग’ नावाचे रानटी लिंबूवर्गीय झाड अजून उगवते आणि त्याच्यासाठी तिथे जनुक अभयारण्य राखले आहे. नागपुरी संत्र्याला उद्या नवे रक्त हवे असेल तर अशाच ठिकाणी जावे लागेल. काही मात्र आपल्या बांधावरही सापडेल.

म्हणून संत्रा, मोसंबी, धान, देशी कापूस पिकवणाऱ्यांना एक विनंती. २००१च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपला वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येतो. बाग वाळली आणि एकच झाड हिरवे राहिले, सगळीकडे गळ झाली आणि एका फांदीने फळ धरले, धानात तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, तर ‘भेसळ’ म्हणून उपटू नका. खूणगाठ बांधा, फोटो काढा, दोन हंगाम नजर ठेवा आणि कळवा. लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था नागपुरातच अमरावती रस्त्यावर आहे, कापूस संशोधन संस्था वर्धा रस्त्यावर, आणि वाणांचे जतन करणाऱ्या राष्ट्रीय ब्यूरोचे केंद्र अकोल्यात. झाड तोडायच्या आधी एकदा तिथल्या माणसाला दाखवा.